बारवेत वाचलेली कादंबरी

त्या कादंबरीचं नाव मला सांगता येणार नाही, कारण ते मला कधी कळलंच नाही. वाचनालयातून ती घरी आली तेव्हा तिचं मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं गेलेली होती. बायंडिंगवाल्यानं वर खाकी पुठ्ठा चढवला होता. लेखकाचं नावही त्या पानांबरोबरच गेलं. पुढं मी दोन-तीन ठिकाणी गोष्ट सांगून विचारून पाहिलं, पण कोणी ओळखली नाही. तेव्हा इथं लिहिते ते आठवणीतून. जे मी स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहिते आणि जे दुसऱ्याकडून कळलं ते तसं सांगते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. आम्ही परंड्यात भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, पंचायत समितीत कारकून. गावातल्या विहिरींनी संक्रांतीच्या आसपासच तळ दाखवला होता. टँकर आला तर आला, नाहीतर कुर्डूवाडीच्या रस्त्याला कुठंतरी बंद पडलेला असायचा. गावाबाहेर एक जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरून थेट तळापर्यंत जाता यायचं. एरवी निम्म्या पायऱ्या पाण्याखाली असत, त्या वर्षी तळही कोरडा पडला. मग कोणीतरी तळात खड्डा खणला आणि त्यात पाझर लागला. पाणी वाटीनं उपसायचं, घागरीत ओतायचं, परत पाणी साचायची वाट बघायची.

एक घागर भरायला फार वेळ लागे. म्हणून बायका आपापल्या घागरी पायऱ्यांवर ओळीनं ठेवून सावलीत बसत. घागर रांगेत असली म्हणजे बाई रांगेत आहे, असा नियम पडला होता. मध्येच घरी जाऊन पोराला बघून आलं तरी चाले. रांग सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. कोणाच्या घागरीला कुठं पोचा आहे, कोणाची कल्हईची, कोणाची पितळी, कोण कोणाच्या मागं, हे माझ्या ध्यानात राहायचं. मला ते आजही जमतं. लग्नात मांडवभर चपला असल्या तरी मला सगळ्यांच्या ओळखता येतात.

मालकांनी स्वतःसाठी आणलेली ती कादंबरी मी एक दिवस बारवेत घेऊन गेले. नुसतं बसण्यापेक्षा वाचावं म्हणून. शेजारी दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको बसली होती. तिचं तोंड कधी बंद नसे.

"एकटीच काय वाचताय? आमी काय दगड हाव का? मोठ्यानं वाचा की."

मी मोठ्यानं वाचायला लागले. सगळ्यांत वरच्या पायरीला गावची सुईण बसली होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"मावशी, ही पोथी नाही," मी म्हणाले. "गोष्टीचं पुस्तक आहे."

"असंना का. वाचत्यात तर हात जोडावं. आपलं काय जातंय?"

त्या बायकांनी आयुष्यात एकच वाचन ऐकलं होतं, श्रावणातल्या पोथीचं. त्यामुळे कादंबरीलाही पोथीचेच नियम लागले. मध्ये कोणी बोलायचं नाही. अध्याय सुरू झाला की अर्धा ठेवायचा नाही. एखादीची भरायची पाळी आली तरी ती जागची उठत नसे. प्रकरण संपेपर्यंत सगळ्या बसून राहत, आणि तोवर खड्ड्यात पाणीही थोडं जास्त साचे. मतं काय द्यायची ती प्रकरण संपल्यावर.

बारवेत आवाज विचित्र घुमायचा. मी वाचलेलं वाक्य खाली जायचं आणि जरा वेळानं, मी पुढच्या वाक्यात असताना, तळातून परत यायचं. शब्द कळत नसत, पण चाल माझीच असे.

"खाली बी कोण वाचतंय," कंपाउंडरची बायको पहिल्या दिवशी म्हणाली. तिनं ते थट्टेनं म्हटलं होतं, पण कोणी हसलं नाही, आणि नंतर तीही कधी म्हणाली नाही.

कादंबरी एका नवऱ्याच्या तोंडून होती. मोठ्या शहरातलं घर, चांगली नोकरी, घरात दोघंच. बायको हल्ली विसरायला लागली आहे. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडतात. दार लावलं म्हणते आणि दार उघडं असतं. तिला वाटतं, माडीवर कोणी चालतंय. नवरा तिला समजावतो, औषध आणतो, तिच्या चुका झाकतो, आणि हे सगळं आपल्याला अगदी सावकाश, मायेनं सांगतो. पुढं काहीतरी वाईट होणार एवढं कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

"असा नवरा देवानं समद्यांना द्यावा," कंपाउंडरची बायको म्हणाली. "आमचं ध्यान किल्ली हरवली की माझ्या बापाला आठवतं."

"बाळंतपणात वारं शिरलं असंल तिच्या डोक्यात," सुईण म्हणाली. "म्या बघितल्यात अशा."

"पण तिला मूल न्हाय, मावशी."

"न्हाय? मग त्येनंच."

एकटीचं मत वेगळं होतं. भीमनगरातल्या शिक्षकांची बायको. भीमनगरच्या बायका आधी वेगळ्या आडावर जात. तो आटला आणि गावात पाझर एकच उरला तेव्हा रांगही एकच झाली. काहींनी चार दिवस घागरी लांब सरकवून पाहिल्या, पण लांब सरकवलेली घागर रांगेत मागं पडे, म्हणून ते बंद झालं. ही बाई स्वतः सातवी शिकलेली होती.

"हा माणूस सोताबद्दल लई चांगलं सांगतोय," ती म्हणाली.

"मग काय वाईट सांगावं त्यानं?"

"तसं न्हाय. पण ती बाई काय म्हणाली ते बी ह्योच सांगतो. तिला एकदा बी बोलू देत न्हाय."

"वाचलेल्याला शंका काढू न्हाय," सुईणीनं विषय संपवला.

हे बोलणं चाललेलं असताना बायकांची नजर एका खालच्या पायरीकडं जायची. तिथं माझी शेजारीण बसलेली असे. खरं सांगायचं तर कादंबरी आवडण्याचं एक कारण तीच होती.

तिचा नवरा खरेदी-विक्री संघाच्या दुकानात तोलायला होता. मिलो, म्हणजे रेशनची तांबडी ज्वारी, साखर, रॉकेल, जे काही येई ते त्याच्या हातून मिळे. बोलणं इतकं मऊ की समोरच्यानं आपला आवाज खाली आणावा. सगळ्यांना मावशी, वहिनी, ताई. मापात कधी मारलं नाही. मी घरी आणून दोनदा मोजून पाहिलं होतं, तराजू चोख. म्हणून त्याच्या बोलण्यावरही कोणी शंका घेतली नाही. तोलता तोलता तो हळूच म्हणायचा, "आमच्या हिच्याकडं जरा लक्ष असू द्या, वहिनी. काल चुलीवर रिकामं पातेलं ठेवून बसली होती." दुसऱ्या खेपेला, "पोरीला जेवू घातलं का न्हाय तेच हिला आठवत न्हाय." डोळ्यांत पाणी येईल असं वाटे, पण येत नसे. प्रत्येकीला त्यानं वेगवेगळं सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येकीला वाटे, आपल्याला काहीतरी खासगी कळलं आहे.

शेजारीण बोलायची कमी. तिची मुलगी तीन वर्षांची. ती मांडीवर निजलेली असायची आणि ही बसल्या बसल्या मातीनं घागर घासायची. घासून झालेली घागर परत घासायची. त्याचाही बायकांनी अर्थ लावला होता.

तिचं माहेर म्हणजे एक भाऊ. उमरग्याला हमरस्त्यावर ट्रकचे पाटे बसवायचा. त्याला नवऱ्यानं निरोप धाडला होता, की बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही, येऊन घेऊन जा. पोरगी मात्र इथंच राहील, तिच्या जिवाला धोका नको. भावानं उलट कळवलं, मी येतो, आधी शेजारच्यांना विचारतो. हे नवऱ्यानंच आम्हाला दुकानात सांगितलं. "तुम्ही पाहताच आहात, तेच सांगा," म्हणाला. म्हणजे पोरगी आईपाशी राहणार का नाही, हे पायऱ्यांवर बसलेल्या अकरा बायकांच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं.

त्याच आठवड्यात घागरीचं झालं. दुपारची वेळ होती. तिनं आपली घागर कंपाउंडरीणबाईच्या आणि माझ्या घागरीच्या मधे ठेवली आणि पोरीला घेऊन घरी गेली. आम्ही त्या दिवशी खाली तळाजवळ गर्दी करून बसलो होतो, कारण पाझर मंद झाला म्हणून कोणीतरी खड्डा उकरत होतं. ती परत आली तेव्हा घागर नव्हती.

ती रांगेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. "वैनी, म्या ठिवली हुती ना?"

"ठेवली होतीस."

तेवढ्यात वरून तिचा नवरा उतरला. हातात तीच घागर. "अगं, खाटंखाली पालथी घातलेली हुती. हिथं काय शोधतीस?" असं म्हणून त्यानं आमच्याकडं पाहून मान हलवली. बायकांनी चुकचुक केली.

मी म्हणाले, "भाऊजी, घागर इथंच होती. हे बघा." दोन घागरींच्या मधे धुळीत बुडाचा गोल उमटलेला होता.

"बाई, धुळीत गोल सतराशे साठ," कंपाउंडरीणबाई म्हणाली. "कालचा असंल."

कालचा नव्हता. काल तिथं माझी घागर होती आणि माझ्या घागरीचं बूड त्याहून लहान आहे. तसं मी सांगितलं. नवऱ्यानं त्या गोलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "वहिनी, तुमचं लक्ष लई बारीक हाय," तो कौतुकानं म्हणाला आणि बायकोच्या हाती घागर देण्यासाठी एक पाऊल पुढं आला. तो निघून गेला तेव्हा तिथं फक्त चपलेची नक्षी होती.

त्यानंच घागर नेली असं मी म्हणत नाही. नेताना मी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी कादंबरी निम्म्यावर आली. नवं प्रकरण सुरू केलं आणि मी थांबले. पहिलंच वाक्य होतं, आता मी सांगते. सांगते, सांगतो नव्हे. मला वाटलं, बायंडिंगवाल्यानं दुसऱ्या पुस्तकाची पानं मधे घातली. मी पानांचे आकडे पाहिले. बरोबर होते. टाईपही तोच. मग वाचलं.

आता ती बायको बोलत होती. आत्तापर्यंत आपण जे ऐकलं ते सगळं नवऱ्यानं डॉक्टरला द्यायला लिहून काढलेलं होतं. किल्ल्या तिनं पिठात ठेवल्या नव्हत्या. माडीवरच्या पावलांचा आवाज खरा होता. तो घरी नाही असं तिला वाटे तेव्हा तो वर असायचा.

प्रकरण संपायच्या आतच बायका बोलायला लागल्या. नियम मोडला तो त्या दिवशी.

"पानं चुकली. परत बघा."

"म्हंजे आधीचं समदं खोटं? मग वाचलंत कशाला आमास्नी?"

"मी काय करू? तसंच छापलंय."

सुईणीला राग आला होता. खरा राग. "वाचलेल्यात खोटं असतंय व्हय? म्या हात जोडून ऐकलं ते. रोज हात जोडलं. ह्या मेल्याला?"

"मावशी, पोथी येगळी, गोष्ट येगळी," शिक्षकांची बायको म्हणाली. "गोष्टीत ज्यो बोलतो त्याचं त्यो बोलतो."

"मला तर हीच खोटी वाटती," कंपाउंडरीणबाई म्हणाली. "त्याचं इतकं दिस ऐकलंय. ही कोण आज आली?"

मी हात वर करायला सांगितले. मला असं केल्याशिवाय चैन पडत नाही. अकरा जणींत आठ जणी नवऱ्याच्या बाजूनं निघाल्या. शिक्षकांची बायको आणि मी विरुद्ध. सुईणीनं हात वर केला नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि दुसऱ्या दिवशीही तशीच बसली. शेजारणीला मी मोजलंच नव्हतं, कारण ती कधी मत देत नसे.

पण त्या दिवशी तिनं घागर घासणं थांबवलं होतं. सगळ्यांचे हात खाली आल्यावर तिनं विचारलं, "वैनी, त्या बाईचं फुडं कोण ऐकतं का?"

"मी अजून वाचलं नाही."

"मग वाचा."

मी आणखी एक प्रकरण वाचलं. तळातून माझा आवाज परत येत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माझ्यासारखा वाटला नाही. बाईचाच होता, पण थकलेल्या बाईचा. मी वाचता वाचता दोनदा थांबून पाहिलं. मी थांबले की जरा वेळानं तोही थांबे. तेव्हा तो प्रतिध्वनीच होता, यात शंका नाही. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाऊ आला तो याच दिवसांत, अशाच एका दुपारी. नवरा त्याला घेऊन सरळ बारवेतच आला, कारण सगळ्या शेजारणी एका जागी तिथंच भेटणार. भाऊ उंच, हाडकुळा, नखांत ऑइल गेलेलं. बहिणीकडं त्यानं नीट पाहिलं नाही. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती ती तशीच बसून राहिली.

नवऱ्यानं सांगायला सुरुवात केली. रिकामं पातेलं, पोरीचं जेवण, खाटेखालची घागर. सावकाश, एकेक. "मला काय हौस हाय का, दादा? माझ्याच घरचं हाय. पण उद्या पोरीला कुठं ठेवून विसरली तर?" शेवटी म्हणाला, "मी सांगतो म्हणून न्हाय. ह्या मावल्यांना इचारा."

भावानं हात जोडले. "तुमी रोज बघताय. तुमीच सांगा."

कंपाउंडरीणबाई खाली बघत म्हणाली, "इसरती, असं ऐकलंय."

"कुणाकडनं ऐकलं?" शिक्षकांच्या बायकोनं विचारलं.

"ह्यांच्याकडनंच की. दुकानात."

"आन तुमी?"

दुसरीनंही तेच सांगितलं. तिसरीनंही. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते कळत गेलं. शेवटच्या बाईनं नुसतीच मान हलवली. पाहिलेलं कोणीच नव्हतं. जे होतं ते सगळं एकाच तोंडून आलेलं. भाऊ गोंधळून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागला.

सुईण भिंतीकडं तोंड करून बसली होती ती वळली. "थांबा. ह्यांचा अध्याय झाला. आता तिचा हुंद्या. अर्धं ठिवू न्हाय."

नवरा हसला. "मावशी, ही काय पोथी हाय का?"

"न्हाय. म्हणूनच म्हणती."

तिचं तिला बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती बोलली. आवाज चढवला नाही.

"दादा, मी इसरती का न्हाय मला म्हाईत न्हाय. आदी वाटायचं न्हाय, आता वाटतं असंल. पर एक सांगते. ह्ये घरात माझ्याशी बोलत न्हाईत. पोरगी झाल्यापास्नं. एक शब्द न्हाय. मी इचारलं तर भिताडाकडं बघत्यात. दारात कोण आलं की बोलत्यात, 'जेवलीस का, औषध घेतलंस का.' माणूस गेलं की बंद. मी काय ठिवलं, काय उचललं, कुणाला इचारू? घरात बोलायला कोण न्हाय."

तळातून तिचं शेवटचं वाक्य वर आलं.

मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांची आणि आमची भिंत एक होती. विटांची, अर्ध्या विटेची, पलीकडं भांडं पडलं तरी कळावं अशी. भावानं विचारलं, "ताई, तुमाला काय ऐकू येतं?"

मी आठवून पाहिलं. मला घाई करायची नव्हती. "तुमच्या बहिणीचा आवाज ऐकलाय," मी म्हणाले. "पोरीशी बोलताना, ओव्या म्हणताना, एकटीनं काही विचारताना. पोरीचा ऐकलाय. ह्यांचा आवाज मी भिंतीतून कधी ऐकला नाही. एकदाही नाही. ते घर शांत आहे एवढंच मला वाटायचं."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, मी हळू बोलतो," तो म्हणाला.

भावानं खाली वाकून पोरीला उचललं. "चल, बाई. पोरगी बी येईल," तो म्हणाला. पोरीचं तो नवऱ्याला म्हणाला, पण बघत बहिणीकडं होता.

भांडण होईल असं आम्हाला वाटलं. नवरा म्हणाला, "न्या की. मी कुठं नको म्हणतो?" आवाज तोच, साखर तोलतानाचा. मला त्या दिवशी भीती वाटली ती त्या आवाजाची. कोणी काही हिसकावून नेत असताना माणसाचा आवाज थोडा तरी हलतो.

ती तिघं बार्शीच्या गाडीनं गेली. तिची घागर रांगेतच राहिली. पुढची घागर भरली की आम्ही सवयीनं सगळ्या घागरी एकेक पायरी खाली सरकवायचो, त्यात तिचीही सरकत गेली आणि संध्याकाळी खड्ड्यापाशी पोचली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. कोणी ती भरली नाही. सुईणीनं ती पालथी घालून बाजूला ठेवली.

कादंबरी उरली होती ती आम्ही पुढच्या काही दिवसांत संपवली. शेवटी नवऱ्याचं पितळ उघडं पडतं आणि बाई सुटते. पण सगळ्यांत शेवटच्या पानावर ती बाई सांगते, की एकदा, फक्त एकदा, किल्ल्या तिनंच लपवल्या होत्या. तो काय सांगेल ते बघायला. आणि तिथं पुस्तक संपतं.

पोथी संपली की गूळ-खोबरं वाटतात. इथं कोणी काही आणलं नव्हतं. कंपाउंडरीणबाई म्हणाली, "म्हंजे ही बी खोटीच. मग आपण काय केलं? उमरग्याला जाऊन इचारायचं का आता, घागर कुणी नेली म्हणून?"

"एकदा किल्ली लपिवली म्हणून बाकीचं खोटं होत न्हाय," शिक्षकांची बायको म्हणाली.

"पर खरं बी होत न्हाय."

सुईण म्हणाली, "असलं पुस्तक परत आणू नका." हे तिचं मत. मला विचाराल तर कादंबरी चांगली होती, फक्त शेवटचं पान नको होतं. त्या पानानं माझी झोप घालवली. मी भावाला सांगितलं ते खरं होतं, पण ते एवढंच, की मी ऐकलं नाही. मी ऐकलं नाही म्हणजे तो बोललाच नाही, असं होत नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीतूनही कुजबुज येत नाही. मी आमच्या मालकांना आतल्या बाजूला बसवून हळू बोलायला लावलं आणि पलीकडं शेजाऱ्याच्या दाराशी उभं राहून पाहिलं. एका ठरावीक आवाजाखाली खरंच काही येत नव्हतं. एका बाईचं घर मोडायला मी कारण झाले का, हा हिशोब मला लागेना.

असेच काही दिवस गेले. दिवेलागणीच्या वेळी मी मिलोतले खडे निवडत बसले होते. मालक कचेरीतून यायचे होते. भिंतीपलीकडून आवाज आला.

"जेवलीस का?"

मी निवडायची थांबले. थोडा वेळ काही नाही. कोणी उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ. मग, "बरं. राहू दे. पोरगी निजली का?" परत तेवढाच वेळ. "तिच्या अंगावर घाल काहीतरी."

ती परत आली, असंच मला वाटलं. मला इतका आनंद झाला की सूप तसंच ठेवून मी बाहेर गेले. त्यांचं दार अर्धं उघडं होतं. कंदील लावलेला. तो एकटाच बसला होता. समोर कोणी नव्हतं. तोंड आमच्या भिंतीकडं.

त्यानं मला पाहिलं. दचकला नाही. "या वहिनी," म्हणाला.

"कोणाशी बोलत होता, भाऊजी?"

"कुणाशी न्हाय." तो नेहमीसारखा मायेनं हसला. "आता ऐकू येतं ना तुम्हाला? आधी मी हळू बोलत होतो."

मी घरी आले आणि आतून कडी लावली. त्यानंतर रोज, दिवे लागले की, भिंतीतून त्याचा आवाज यायचा. जेवण, पोरगी, पांघरूण. कधी चार शब्द जास्त. मालकांनीही ऐकला. त्यांनी पावसाळ्यापूर्वी दुसरं घर पाहिलं.

घर सोडायच्या आधी आम्ही तुळजापूरला एका लग्नाला गेलो होतो, दाराला कुलूप लावून. परत आल्यावर मी त्याच्या पलीकडं नव्यानं आलेल्या बिऱ्हाडातल्या बाईला विचारलं. त्यांची भिंतही तसलीच, अर्ध्या विटेची. ती म्हणाली, एरवी रोज दिवेलागणीला येतो, पण तुम्ही नव्हता त्या दिवसांत तिकडून काहीच आवाज आला नाही.

तेवढं मी उमरग्याला कळवलं.